गिरगावच्या वाचनालयाचं ॲप: कामाच्या नोंदी

१ जुलै २०२५, मंगळवार

आज गिरगावात पहिली मीटिंग. भांडुपहून दादर, तिथून वेस्टर्न, चर्नी रोडला उतरेपर्यंत छत्री दोनदा उलटी. वाचनालय जुनं, वेबसाइट त्यामानाने नवी म्हणजे सात-आठ वर्षांची, पीएचपी भाषेतली, पण चालतेय बरी. पुस्तकांची यादी, मुदत वाढवणं, वर्गणी, नवीन सभासदाचा अर्ज, सूचना, सगळं मिळून ११ पानं. सेक्रेटरी काकांचं म्हणणं एकदम सरळ, "अगं वेबसाइट तर आहेच, ती फक्त ॲपात टाकायची, दोन दिवसांचं काम." मी म्हटलं काका सहा आठवडे द्या. "गणपतीच्या आत दे म्हणजे झालं." गणपती २७ ऑगस्टला.

फ्लटरमध्ये करतेय, म्हणजे कोड एकदाच लिहायचा आणि दोन्ही प्रकारच्या फोनची ॲप त्यातून, कारण सभासदांकडे अँड्रॉइड आहे आणि ज्यांची मुलं परदेशात त्यांच्याकडे आयफोन, आणि दोन ॲप वेगवेगळी लिहायचे पैसे वाचनालयाकडे नाहीत. वेबसाइट ज्याने बनवली तो माझा कॉलेजचा मित्र, इथे त्याला पीएचपीवाला म्हणेन, तो म्हणाला सर्व्हरवर काही बदल लागला तर सांग, रात्री ११ नंतर करून देईन.

अजून एक तारीख डोक्यात ठेवायची, ३१ ऑगस्टपासून प्ले स्टोअरवर नवीन ॲप अँड्रॉइड १५ टार्गेट केलेलंच लागतं.

३ जुलै

वेबव्ह्यू म्हणजे ॲपच्या आत वेबसाइट दाखवणारा चौकोन, त्याचं प्लगइन (तयार जोडायचा कोड) टाकलं, वेबसाइटचा पत्ता दिला, चहा निवायच्या आत ॲपमध्ये वाचनालय उघडलं. पीएचपीवाल्याला व्हिडिओ पाठवला तर तो म्हणे "झालं की मग, बिल पाठव." हीच तर गोची आहे, पहिल्या ४० मिनिटांत ९० टक्के दिसतं आणि क्लायंटला वाटतं आपण उगाच वेळ काढतोय.

ब्राउझर म्हणून जे आपण रोज वापरतो त्यातलं इंजिन तेवढं वेबव्ह्यूत मिळतं. डाउनलोड, फाइल निवडणं, कॅमेऱ्याची परवानगी, दुसऱ्या ॲपला हाक मारणं, मागे जाणं, हे ब्राउझर वरून करत असतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. चाळीतली खोली घेतली तर चार भिंती मिळतात, पंखा कडी नळ आपला, तसलं प्रकरण. त्यात खोल्या दोन. अँड्रॉइडवर क्रोमियम, म्हणजे क्रोमचंच इंजिन, ते अँड्रॉइड ४.४ पासून म्हणजे २०१३ पासून, आणि ५.० पासून ते प्ले स्टोअरवरून वेगळं अपडेट होतं, त्यामुळे जुन्या फोनवरही इंजिन बऱ्यापैकी नवं असू शकतं. आयफोनवर सफारीचं वेबकिट, डब्ल्यूके-वेबव्ह्यू, आयओएस ८ पासून, आणि ते फोनच्या सिस्टिमबरोबरच अपडेट होतं. म्हणजे फ्लटरमध्ये कोड एकदा लिहिला तरी आतल्या पानाचं वागणं दोन प्रकारचं. फ्लटर स्वतःचं सगळं स्वतः रंगवतं, पण हा चौकोन फोनचा असतो, तो मध्ये ठिगळासारखा लावलेला. सुईदोरा म्हणजे ते प्लगइन.

८ जुलै

काकांच्या फोनवर टाकून बघितलं. त्यांनी फोनची अक्षरं सगळ्यात मोठी केलेली आहेत, चष्मा विसरतात म्हणून. अँड्रॉइडचा वेबव्ह्यू सिस्टिमची अक्षरांची सेटिंग पानावर लावतो, आयफोनवरचा तसं आपोआप करत नाही. त्यामुळे काकांच्या फोनवर "मुदत वाढवा" मधलं "वाढवा" बटणाच्या बाहेर, आणि बाकीच्या बटणांवर वरच्या वेलांट्या-मात्रा अर्ध्या कापलेल्या, कारण पीएचपीवाल्याने बटणाची उंची पिक्सेलमध्ये ठोकून ठेवलीय. इंग्रजी असतं तर कळलंही नसतं, देवनागरीला वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते.

प्लगइनमध्ये टेक्स्ट झूम १०० वर बांधून टाकायची सोय आहे आणि इंटरनेटवर सगळे तेच सांगतात. नाही केलं. ज्या माणसाने अक्षरं मोठी केली त्याला वाचायला होत नाही म्हणून केली, आणि हे वाचनालयाचं ॲप आहे राव. पीएचपीवाल्याला सांगून बटणांची ठरलेली उंची काढली, ओळीतलं अंतर वाढवलं. त्याचे दोन तास गेले, तो चिडला.

११ जुलै

गूगलने लॉगिन करायचं बटण वेबसाइटवर आहे, ॲपमध्ये दाबलं की एरर ४०३, "डिसअलाउड युजर एजंट", म्हणजे ह्या ब्राउझरला मनाई. हे माहीत होतं तरी विसरले होते. ॲपच्या आत लपेटलेल्या वेबव्ह्यूमधून गूगल लॉगिन २०१७ पासून बंद आहे, आणि कारण पटण्यासारखं आहे: पान कुणाचंही असो, वेबव्ह्यू ज्याच्या हातात त्याला आत काय टाइप होतंय ते वाचता येतं, पासवर्डसकट. वर पत्त्याची पट्टीही नाही, म्हणजे समोरचं पान खरं की खोटं हे बघणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

युजर एजंट म्हणजे ब्राउझर साइटला स्वतःची जी ओळख सांगतो ती, त्यातलं "डब्ल्यूव्ही" काढून क्रोम असल्याचं सोंग करता येतं, पण तो चोरवाटेचा धंदा, कधीही बंद पडतो. नीट रस्ता म्हणजे लॉगिन ॲपच्या बाहेर न्यायचं, अँड्रॉइडवर कस्टम टॅब, आयफोनवर त्यांचं ऑथेंटिकेशन सेशन, आणि लॉगिन झालं की ॲपमध्ये परत. आरएफसी ८२५२, म्हणजे इंटरनेटवरच्या पद्धती ठरवणारा एक कागद, हेच सांगतो, तोही २०१७ चाच. कस्टम टॅब म्हणजे खरा क्रोम, फक्त आपल्या ॲपवर पांघरलेला, आधीचं लॉगिन लक्षात असलेला.

मग दुसरा घोळ. लॉगिन झालं क्रोममध्ये, कुकी (लॉगिनची खूण) क्रोमकडे, वेबव्ह्यू कोराच. आणि मी डार्टमधून, म्हणजे फ्लटरच्या भाषेतून, सर्व्हरची जी एपीआय मारते तिची कुकी तिसरीकडेच. एकाच फोनमध्ये एकच सभासद तीन ठिकाणी तीन अनोळखी माणसं. शेवटी सर्व्हरकडून टोकन, म्हणजे लॉगिनचा पुरावा, घेतलं, ॲपमध्ये ठेवलं, आणि वेबव्ह्यू उघडायच्या आधी कुकी मॅनेजरने त्याच्या कुकीत भरलं. भरायच्या आधी पान लोड झालं तर लॉगिन पानच दिसतं, म्हणून आधी थांबायचं मग लोड. यावर अर्धा दिवस गेला, चूक माझीच, एक अवेट, म्हणजे कोडमधला "थांब", विसरले होते.

१६ जुलै

बॅक बटण दाबलं की ॲप बंद. वेबव्ह्यूला मागे जाता येतंय का ते विचारून मगच बाहेर पडायचं. फ्लटरच्या पॉपस्कोपने केलं, झालं.

बाहेरच्या लिंक, म्हणजे प्रकाशकांच्या साइट वगैरे, आपल्याच चौकोनात उघडत होत्या आणि माणूस तिथेच अडकत होता. नियम केला: आपलं डोमेन असेल तर आत, नाहीतर फोनच्या ब्राउझरला देऊन मोकळं.

२१ जुलै

वर्गणी. आजपासून हेच.

वेबसाइटवर पेमेंट गेटवेचं पान येतं, त्यात यूपीआयची बटणं. क्रोममध्ये दाबलं की कुठलं ॲप ते विचारतं. आमच्या ॲपमध्ये दाबलं की पांढरं पान आणि "अननोन यूआरएल स्कीम", स्कीम म्हणजे लिंकच्या सुरुवातीचा शब्द. बरोबर आहे, ती लिंक एचटीटीपीएसची नसून यूपीआयची असते, ब्राउझर असली लिंक ओळखून फोनकडे सोपवतो, वेबव्ह्यूला ते कुणी शिकवलेलं नाही. म्हणून प्रत्येक लिंक आधी माझ्याकडे येईल असं केलं, यूपीआयची दिसली की पान थांबवायचं आणि फोनला सांगायचं तू बघ.

२२ जुलै

माझ्या फोनवर चालतं, आईच्या फोनवर "यूपीआय ॲप सापडलं नाही". आईच्या फोनमध्ये तीन आहेत, भाजीवाल्याला रोज त्यातूनच देते. अँड्रॉइड ११ पासून फोनवर दुसरी कुठली ॲप आहेत हे कुणालाही दिसत नाही, मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या माहितीची फाइल) आधी जाहीर करावं लागतं की मला अमुक स्कीमचं बघायचंय. मी "उघडता येईल का" विचारून मग उघडत होते आणि उत्तर नाही यायचं. विचारणं काढूनच टाकलं, थेट उघडायचं, नाही उघडलं तर मेसेज. माझा टेस्टचा फोन अँड्रॉइड १० चा, म्हणून तिथे दिसलं नाही.

२४ जुलै

काही बटणांच्या लिंक यूपीआयच्या नसून इंटेंटच्या, म्हणजे अँड्रॉइडला "अमुक ॲप उघड" सांगणाऱ्या, असतात, त्यात पॅकेजचं नाव, पर्यायी पत्ता असं सगळं कोंबलेलं. ते उलगडायला कोटलिनमध्ये, म्हणजे अँड्रॉइडच्या भाषेत, वेगळं लिहावं लागलं, आणि पान जे सांगेल ते डोळे मिटून उघडायचं नाही याची काळजी घेत. शिवाय फॉर्म पोस्टने (भरलेली माहिती पत्त्यात न घालता पाठवून) पुढे जातो तेव्हा अँड्रॉइड लिंक अडवायला मला विचारतच नाही, तसंच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, मी वाचलं नव्हतं. आयफोनवर तर कुठलं ॲप हे विचारणारी यादीच येत नाही, यूपीआय स्कीम ज्या ॲपच्या नशिबात असेल ते उघडतं, म्हणून तिथे प्रत्येक ॲपची वेगळी स्कीम, प्रत्येकीची इन्फो फाइलमध्ये नोंद. गेटवेचं पान आयफ्रेममध्ये (पानाच्या आतलं पान) होतं, तिथे दुसऱ्या साइटची कुकी वेबव्ह्यूत मुळातच बंद. एकेक दगड उचलायचा आणि खाली विंचू.

२६ जुलै, शनिवार

आज सगळं चाललं. एक रुपया भरून बघितला, पैसे गेले, पावती आली. मग मुद्दाम आईचा स्वस्तातला फोन घेतला, यूपीआय ॲपमध्ये गेले, पिन टाकायच्या आधी तिथेच पाच मिनिटं रमले, दोन-तीन जड ॲप उघडली, मग पिन टाकून परत आले. मधल्या वेळात फोनने मेमरीसाठी आमचं ॲप मारून टाकलेलं. परत आल्यावर वर्गणीचं पान पहिल्यापासून, "भरा" बटण हसतंय. पैसे गेलेले. साठीतला सभासद काय करेल? परत भरेल.

घरी २६ जुलै म्हटलं की बाबा २००५ ची गोष्ट काढतातच, कुर्ल्याहून चालत आले होते, ती ऐकत ऐकत ठरवलं की हे सगळं फेकायचं.

२९ जुलै

फेकलं. आठवडाभराचा कोड, कोटलिनसकट. वर्गणी आता वेबव्ह्यूत नाहीच, लॉगिनसारखीच कस्टम टॅबमध्ये उघडते, आयफोनवर सफारीचा कंट्रोलर. तिथे खरा ब्राउझर असल्यामुळे यूपीआयची लिंक, इंटेंट, पोस्ट, सगळं त्याचं तो बघतो. क्रोमला आमचा सभासद कोण हे माहीत नसतं म्हणून पीएचपीवाल्याने एकदाच चालणारी, दोन मिनिटांत मरणारी लिंक करून दिली. पैसे भरून झाल्यावर ॲपमध्ये आपोआप परत न्यायला गेले तर कधी जातं कधी नाही, म्हणून एक मोठं "ॲपमध्ये परत जा" बटण ठेवलं, माणसाने स्वतः दाबलं की जातंच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पैसे आले की नाही हे ॲप पानावरून ठरवत नाही. गेटवे सर्व्हरला कळवतं, ॲप परत समोर आलं की सर्व्हरला विचारतं, आणि उत्तर येईपर्यंत "भरा" बटण दिसतच नाही. हे वेबसाइटवरही असायला हवं होतं. पीएचपीवाला गप्प बसला आणि रात्री तिथेही करून टाकलं.

१ ऑगस्ट

नवीन सभासदाचा अर्ज. फोटो आणि पत्त्याचा पुरावा जोडायचं बटण अँड्रॉइडवर दाबलं तर काहीच होत नाही, एररसुद्धा नाही. फाइल निवडायची खिडकी आपण उघडून द्यायची असते. आयफोनवर ती आपोआप येते, पण कॅमेरा निवडला की ॲप धाडकन बंद, कारण कॅमेरा कशाला हवा ते वाक्य इन्फो फाइलमध्ये लिहिलं नव्हतं. दोन्ही केलं. वाक्य मराठीत लिहिलं, "सभासद ओळखपत्रासाठी फोटो काढायला".

५ ऑगस्ट

पावती. पानातच जावास्क्रिप्टने पीडीएफ बनते आणि ब्लॉब लिंकने डाउनलोड होते. अँड्रॉइडच्या डाउनलोड मॅनेजरला फक्त एचटीटीपी आणि एचटीटीपीएस कळतं, ब्लॉब म्हणजे त्या पानाच्या डोक्यातली गोष्ट, बाहेर तिला पत्ताच नाही. तोडगा असा असतो की पानात आपली स्क्रिप्ट घुसवायची, ब्लॉब वाचून त्याचं बेस ६४ करायचं, फाइल तिसऱ्या हिश्श्याने फुगते, ते अक्षरांचं बोचकं पान आणि ॲप यांच्यातल्या पुलावरून डार्टकडे आणायचं आणि परत फाइल करायची. केलंही, चाललंही, आणि मग लक्षात आलं हे काय चाललंय, सर्व्हरवरच पीडीएफ बनव आणि साधी लिंक दे. पीएचपीवाला रात्री ११ ला बसला, सव्वा बाराला दिली. अशा वेळी वाटतं वेबसाइटवाला आपला मित्र नसता तर हे काम झालंच नसतं, दुसऱ्याची वेबसाइट ॲपात बसवणारे लोक काय करत असतील देव जाणे.

९ ऑगस्ट

ग्रंथपाल ताईंचा फोन, "अहो, ॲपमध्ये 'ॲ'वरून सुरू होणारं एकही पुस्तक सापडत नाही." मला वाटलं वेबव्ह्यू आणि मराठी कीबोर्डचं काहीतरी भांडण. कॉम्प्युटरला फोन लावून इन्स्पेक्ट केलं (आयफोनचं असं बघायचं असेल तर आयओएस १६.४ पासून वेबव्ह्यूवर तशी परवानगी स्वतः चालू करावी लागते, तासभर वायर बदलत होते). वेबव्ह्यू निर्दोष. फोनचा कीबोर्ड "ॲ" हे एकच अक्षर टाकतो, ते युनिकोडमध्ये २००८ ला आलं. वाचनालयाची यादी जुन्या फाँटवरून कन्व्हर्ट केलेली, त्यात "अ" आणि त्यावर वेगळा चंद्र. डोळ्यांना एक, कॉम्प्युटरला दोन, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही ह्या दोघांना एक मानत नाही. तोच प्रकार "दुसऱ्या" मधल्या अर्ध्या ऱ्याचा, तोही दोन प्रकारे लिहिलेला. शोधताना दोन्ही बाजू एका रूपात आणायचं छोटं फंक्शन लिहिलं. ताई म्हणाल्या कॉम्प्युटरवर त्या कधी शोधतच नाहीत, पुस्तक कुठल्या कपाटात ते त्यांना पाठ आहे.

१३ ऑगस्ट

टार्गेट ३५, म्हणजे अँड्रॉइड १५, केलं आणि वाचनालयाचं नाव बॅटरी-घड्याळाच्या खाली गेलं. अँड्रॉइड १५ वर ॲप कडेपासून कडेपर्यंत पसरतंच. सूट मागायची एक सेटिंग आहे पण अँड्रॉइड १६ टार्गेट केलं की ती चालत नाही, मग आजच सेफ एरियात (कडेची जागा सोडणारी चौकट) गुंडाळलं. खालची शोधपट्टी कीबोर्डच्या मागे जात होती तीही वर आली.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पाऊस. काल रात्रीपासून थांबलाच नाही, गिरगावला जायचं होतं ते रद्द. घरी बसून दोन उरलेली कामं.

एक, आयफोनवर कधीकधी ॲप बऱ्याच वेळाने उघडलं की पांढरं पान. तिथे वेबपेज वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतं, मेमरी कमी पडली की सिस्टिम तेवढीच प्रोसेस मारते, ॲप जिवंत आणि आतला चौकोन मेलेला. प्लगइन तसा एरर देतं, तो आला की पान परत लोड करायचं.

दोन, पूल. पान आणि ॲप यांच्यात बोलायला जो जावास्क्रिप्ट चॅनेल ठेवलाय त्याला वेबव्ह्यूत उघडलेलं कुठलंही पान हाक मारू शकतं, आमचंच पान असेल असं नाही, अँड्रॉइडवर आतली आयफ्रेमसुद्धा. त्यावर मी आधी टोकनही पाठवत होते, वा गं वा. आता चॅनेलवर फक्त "पुस्तक स्कॅन कर" एवढाच निरोप, टोकन कुकीतच, आणि आपलं डोमेन सोडून दुसरं पान आत येतच नाही.

२२ ऑगस्ट

स्टोअरची खाती संस्थेच्या नावाने हवीत तर डी-यू-एन-एस नंबर (संस्थेचा ओळख क्रमांक) लागतो, तो जुलैतच मागवायला लावला होता, नाहीतर आत्ता रडत बसलो असतो. ॲपलच्या नियमात नुसती वेबसाइट गुंडाळलेलं ॲप चालत नाही, ४.२ नंबरचा मुद्दा, म्हणून घरी आणलेल्या पुस्तकांची यादी आणि परतीची तारीख आता फ्लटरमध्येच आहे, नेट नसताना दिसते. खरं तर ते ॲपलसाठी नाही, लोकलमध्ये नेट गेलं की मलाच परतीची तारीख बघता येत नव्हती.

मोजून बघितलं. ११ पानांपैकी लॉगिन आणि वर्गणी खऱ्या ब्राउझरमध्ये, पावती फोनच्या पीडीएफ वाचकात, माझी पुस्तकं आणि मुदत वाढवणं फ्लटरमध्ये. वेबव्ह्यूत उरली सहा: यादी, पुस्तकाचं पान, अर्ज, सूचना, नियम आणि वाचनालयाचा इतिहास. हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहायला बसले असते तर २१ ते २६ जुलैचा आठवडा वाचला असता, पण त्या दिवशी मलाही काकांसारखंच वाटत होतं की वेबसाइट तर आहेच.

२५ ऑगस्ट, सोमवार

दोन्ही स्टोअरवर आलं. गिरगावात ढोलांचा सराव चालू, वाचनालयात काकांचा फोन हातात घेऊन ओरडून बोलावं लागत होतं. काकांनी स्वतः वर्गणी भरली, "ॲपमध्ये परत जा" दाबलं, पावती उघडली, मोठ्या अक्षरात, मात्रा शाबूत. मग म्हणाले, "चांगलंय, पण हे वेबसाइटसारखंच दिसतंय की गं." मी हो म्हटलं.

राहिलेलं: आयफोनवर कडेवरून बोट सरकवून मागे जाणं अजून दोन ठिकाणी अडतं, आणि इतिहासाच्या पानावरचा जुना फोटो फारच जड आहे. ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, तोपर्यंत चौपाटीच्या आसपास कुणी वाचनालयाचं नाव काढणार नाही, त्यानंतर बघते.